दिलीपसरांचा तापट कॉम्प्युटर

कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणं सुटलं की डॉस विसरायला होतं, टायपिंगचा स्पीड जातो, पण किस्से मात्र जात नाहीत. चार जण चहाला बसले की एकाला एक लागून दुसरा निघतोच. आमच्या रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या क्लासचे तर निम्मे किस्से एकाच कॉम्प्युटरचे आहेत. आणि उरलेले, तो का तापतो यावरून आम्ही एकमेकांवर घेतलेल्या संशयाचे.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी मला वाटतं, आज एवढं भरून का दिलं? त्यामुळे मी सांगतेय त्यात थोडं मीठ-मसाला धरा, पण खोटं काही नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं. दिलीप म्हात्रे हा पेणच्या खाडीकडचा, मिठागरवाल्या घरातला मुलगा. रोह्याच्या एका कंपनीत कायम झालेला. ती नोकरी सोडून त्याने पूल ओलांडून अष्टमीला क्लास काढला. बाहेरच्या खोलीत मी शिकवायचे, आणि आतल्या खोलीत एकच भारी मशीन, फक्त गेमसाठी. गाड्यांच्या रेसचा गेम. शिकणाऱ्यांपेक्षा खेळणारेच जास्त, त्यामुळे क्लास चालायचा तो त्या आतल्या मशीनवर.

दिलीपसरांचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी पेणची, सुजाता. तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. कंपनीतला मुलगा म्हणून त्यांनी होकार दिला होता, आणि नोकरी सोडल्याचं कळल्यावर तो अर्धा मागे घेतला. "मे महिन्यात येऊन बघतो," म्हणाले. "धंदा चालताना दिसला तर मुलगी दिली. नायतर तुम्ही कंपनीत परत जा, मंग बघू."

सरांना सुजाता मनापासून आवडली होती. लपवायचे, पण पेणहून एसटी आली की उगाच दारात येऊन उभे राहायचे. आणि नेमका त्याच वर्षी तो कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायला लागला.

*

पहिला संशय आमच्यावरच आला. खेळणाऱ्या पोरांचं म्हणणं, रेस संपत आली की आम्ही मुद्दाम मागून बटण दाबतो, म्हणजे त्यांना पुन्हा पैसे भरून बसावं लागतं.

सरांना फार लागलं ते. त्यांनी पोरांना सांगितलं, तुमच्यातलाच एक जण बटणापाशी बसवा. पोरांनी बसवला. तो बिचारा अख्खी दुपार बोर्डाकडे डोळे लावून बसला. मी मधेच किती वाजले बघायला आत डोकावले, आणि कॉम्प्युटर गपकन बंद!

सगळ्यांनी त्या राखणदाराला घेरलं. तो म्हणाला, "बटन कोनी नाय दाबला. मी बघत होतो." मग माझ्याकडे बोट केलं. "पन मॅडमनी नुसतं बघितलं, नि बंद परला."

पुढे कितीतरी दिवस मी आत गेले की पोरं मॉनिटरवर हात धरायची.

*

आमचा मेकॅनिक अन्वरभाय पेणहून यायचा. माणूस प्रामाणिक, इतका की त्याचा त्रास व्हायचा. पण बोलावल्यावर चार दिवसांनी उगवायचा. मधल्या दिवसांत सरांनी जिथून मशीन आणलं त्या मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, प्रोसेसरवरची पेस्ट सुकली असेल, नवीन लावा.

सरांनी एवढंच ऐकलं, पेस्ट लावा. समोरच्या दुकानातून पेस्ट आणली, कॅबिनेट उघडलं, पंखा काढला आणि भरपूर लावली.

चेष्टा नाही, त्यानंतर मशीन दोन दिवस बरं चाललं. आतल्या खोलीत पुदिन्याचा वास. पोरं म्हणायची, सर, रेस एकदम फ्रेश वाटते. तिसऱ्या दिवशी वाळून पापड झाला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अन्वरभाय आला. त्याने पंखा काढला. बघितलं, वास घेतला, पुन्हा बघितलं. मला वाटलं आता हा चिडणार. पण तो अगदी गंभीरपणे सरांना म्हणाला, "लावली ते ठीक हाय. चूळ कोनी भरायची?"

*

मग असं दिसलं की सर दुपारी मागच्या पडवीत जेवायला गेले की हमखास बंद पडतो. जेवून येईपर्यंत गरम भट्टी. म्हणजे त्या वेळेत कोणीतरी काहीतरी करतंय. मी झाडूवाल्या कमळमावशींवर नजर ठेवली, मावशींनी माझ्यावर ठेवली. पोरांवर तर दोघींनीही ठेवली.

त्या दिवसांत सरांची आई गावाहून आली होती. डबा घेऊन यायची, मशीनजवळ घटकाभर बसायची आणि जायची. तिच्यावर संशय कोण घेणार?

मी घेतला. एक दिवस दाराआडून बघितलं तर तिने पिशवीतून क्रोशाचं कव्हर काढलं. स्वतः विणलेलं, मध्ये हिरवा पोपट, कडेला मणी. ते चालू कॅबिनेटवर नीट घातलं, मागची जाळीसुद्धा झाकून. पंख्याच्या हवेला जागाच नाही! घरी निघताना पुन्हा घडी करून पिशवीत.

तिला विचारलं तर म्हणाली, "येवढी पोरं टक लावून बघतान. नजर लागते गो."

सर कळवळून म्हणाले, "आये, चालू मशीन झाकायची नसते."

"का? चालत्या मानसाच्या अंगात कापरं नाय घालत?"

  शेवटी ते कव्हर माझ्या बाहेरच्या प्रिंटरला मिळालं. प्रिंटर महिन्यातून एकदा चालायचा, त्यामुळे त्याला ते मानवलं.

*

कव्हर गेलं तरी मशीन तापतच होतं. मग आला घरत नावाचा माणूस. सरांचा कंपनीतला दोस्त, बॉयलरवर काम करायचा, फर्स्ट शिफ्ट सुटली की थेट आमच्याकडे गाड्या पळवायला. त्याचं डोकं बॉयलरचंच. म्हणाला, "गरम झालं का काय करायचा? कोंडून नाय ठेवायचा. मोकळा सोडायचा."

त्याने कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून ठेवला, खाली चार विटा लावल्या, मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, आणि रंगाच्या कोऱ्या ब्रशने आतली धूळ काढली. तेवढी धूळ मी रोहा स्टेशनच्या बाकावर पण बघितली नव्हती. यात खर्च काही नाही, आणि फरक मात्र लगेच पडला. मला अर्थातच संशय आला की एवढं सोपं असेल तर काहीतरी गडबड आहे.

आणि आलीच गडबड. दुसऱ्या दिवसापासून आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक. मग शांत. मग पुन्हा टक, टक, टक.

अन्वरभायने कान लावला. त्याचा चेहरा पडला. हार्डडिस्क चालली, म्हणाला, असाच आवाज करते जाताना. सर भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. हार्डडिस्क म्हणजे थेट मुंबई, म्हणजे गर्दीची निम्मी मे महिन्याची सुट्टी गेली, म्हणजे पेणचा होकार गेला. सरांच्या तोंडाकडे बघवेना. मला खरंच वाईट वाटलं त्या दिवशी.

मी म्हटलं, पण अन्वरभाय, मशीन तर बंद आहे. बंद मशीनची हार्डडिस्क आवाज कशी करेल?

 तेवढ्यात पुन्हा टक, टक, टक. घरतने बॅटरी मारली. पॉवर सप्लायच्या मागे, उबेला, एक चांगली गुबगुबीत पाल बसली होती.

आयुष्यभर ऐकत आले होते, मनात शंकेची पाल चुकचुकली. ती राहते कुठे, ते त्या दिवशी कळलं.

*

पालीला घालवून उघड्या बाजूला मच्छरदाणीचा तुकडा लावला, आणि सरांनी घरचा टेबलफॅन आणून मशीनच्या उघड्या कुशीवर रोखला. आता ऐन दुपारीसुद्धा मशीन चालायचं. फक्त फॅनची मान मशीनकडे राहायला हवी. पोरांना कुठला धीर? पाठ फिरली की फॅन पोरांकडे, आणि दहा मिनिटांत मशीन बंद. विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगणार.

घरतने फॅनची मान सुतळीने बांधली. तर पोरांनी फॅनला हातच नाही लावला. मशीन उचलून आपल्या मागे ठेवलं, म्हणजे आधी हवा पोरांना आणि उरलीसुरली मशीनला. शेवटी मशीनच बांधलं.

*

मे महिना लागला. गर्दी एवढी की पोरं पायरीवर बसायची. मुंबईच्या दुकानदाराकडेही सरांनी पुन्हा तक्रार टाकली होती, आणि मी फोन करून सगळी चौकशी करतो, असं तो म्हणाला होता.

एका दुपारी फोन वाजला. सर बाहेर गेले होते, मशीन तपासायला आलेल्या अन्वरभायने उचलला. मी शिकवता शिकवता कान तिकडे ठेवला.

"हां, बोला... तो ना? आता खरा सांगू का? दिसायला एक नंबर. सकाळी एकदम शांत असतो. दुपारी तापतो... हां, रोजच. तापला का मंग कोनाचा ऐकत नाय, चालता चालता बंद परतो... नाय नाय, मारून काय उपेग नाय. पोरांनी मारून बघितला... काय नाय, वरचा सगला कारून टाकायचा नि पंख्यासमोर ठेवायचा, होतो थंड... डोक्याला पेस्ट लावलीय ना... ग्यारंटी? ग्यारंटी कोन देनार, साहेब?"

माझ्या मनात आलं, हा मशीन विकतोय. पण विकणारा मालाला नावं कशाला ठेवेल? म्हणजे स्वतःच स्वस्तात घ्यायचा डाव असणार! मी स्पष्ट विचारलं. अन्वरभाय दुखावला. म्हणाला, मुंबईचा दुकानदार होता, विचारलं ते खरं सांगितलं. नाव सांगितलं का त्याने? नाही. पण "तुमचा तो कसा हाय, काय लपवू नका," असं विचारलं म्हणजे तोच की.

दोन दिवसांनी मुंबईच्या दुकानदाराचा फोन आला. उशीर झाला म्हणाला, परवा करायचा राहून गेला.

मग परवा कोण होता?

याचा उलगडा रविवारी झाला. पेणहून सुजाता, तिचे वडील आणि मामा आले. सर पांढरा शर्ट घालून उभे, मशीनच्या राखणीला अन्वरभायही आलेला. आत रेस रंगलेली, पायरीपर्यंत पोरं, मशीन सुरळीत. याहून चांगला धंदा दाखवायचा तरी कसा? मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

पण पाहुणे आतल्या खोलीत येऊनही मशीनकडे बघतच नव्हते. वडील एकटक सरांकडे बघत होते, घाबरून बघतात तसे. मामांनी सरांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, खिशातून चाकू काढून फॅनची सुतळी कापली आणि फॅन सरांकडे वळवला. मी परत मशीनकडे केला. मामांनी परत सरांकडे. "तुमी बसा ओ, हवेला बसा," असं लहान मुलाला समजवावं तसं चाललेलं. सर घामाघूम. त्यांना वाटलं, जावई म्हणून लाड चाललेत.

मला राहवेना. मामांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, तो फॅन कॉम्प्युटरसाठी आहे, बंद पडेल तो.

मामा हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आमाला सगला ठाव हाय. मीच केलता फोन. दुपारचे तापतान, चालता चालता बंद परतान, पोरांनी पन मारून बघितला. आता डोक्याची पेस्ट चालू हाय ना?"

मी अन्वरभायकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

आणि नेमका त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद पडला. पोरांचा एकच गलका. सर ताडकन उठले आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. संपलं सगळं, असंच वाटलं त्यांना. मलाही वाटलं. वडीलही उठले, चप्पल शोधायला लागले. "चल गो बाय," म्हणाले.

सुजाता जागची हलली नाही.

"बाबा, आजवर जेवढी स्थळं आली तेवढी सगळी सांगताना शांतच होती," ती म्हणाली. "तापतो म्हणून आधी सांगणारं हे पहिलं घर. मला हेच पसंत हाय."

वडिलांनी पायातली चप्पल पुन्हा काढली. मामांनी फॅनचा स्पीड वाढवला.

सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, कोण तापतो म्हणतायत या?"

मी म्हटलं, "सर, गप पंख्यासमोर बसा."