शालीखालची बरणी

दिल्लीतल्या द्वारकेत शोभेच्या माशांच्या दुकानात ते गृहस्थ मला एकदाच भेटले. साठीचे असतील. जानेवारीची थंडी, आणि त्यांनी अंगावरची शाल काढून काचेच्या बरणीला गुंडाळली होती. बरणीत एंजल माशांची पिल्लं होती, सगळी पाठीत वाकलेली.

"अंकल, ये सीधे नहीं होंगे. फेंक दो यार," दुकानदार म्हणाला.

माझं फोनवरचं मराठी ऐकून ते माझ्याकडे वळले. "ताई, अंड्यांना थंडी बाधू नये म्हणून मी हीटर वाढवला हो. पिल्लं लवकर बाहेर आली. मी तर सोसायटीत पेढे वाटले!"

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि ते मी लपवत नाही. भर दुकानात मी त्यांना समजावलं, की पाणी फार गरम झालं की अंड्यातली वाढ घाईने होते, कणा नीट घडत नाही, आणि ते व्यंग मग जन्मभर राहतं. "एवढं तरी आधी वाचायचं ना!"

माझ्या प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. मग त्यांनी बरणी छातीशी धरली आणि शालीचं टोक तिच्यावर ओढलं.

"हळू बोला, ताई. चूक माझी आहे. त्यांना कशाला ऐकवता?"

पिल्लांचं खाद्य घेऊन, बरणी हिंदकळू न देता ते पायऱ्या उतरले. माझं म्हणणं बरोबरच होतं, तरी माझे कान तापले. माफी मागायला हाक मारावी म्हटलं, तर एवढं शिकवताना मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.