मोरीनच्या पुस्तकात सगळ्या पोचतात

मोरीन टुमीला काहीही विचारा, उत्तर एकच: "ग्रँड," म्हणजे एकदम झकास. गुडघे? ग्रँड. बाहेर उणे वीस आणि गाडी बर्फात रुतलेली? ग्रँड. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आपल्या मराठी बायकांनी पहिल्याच पॉटलकला, जिनं तिनं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिची नक्कल बसवली होती. 'र' असा घोळवायचा की घशात गारगोटी अडकलीय, आणि वाक्य संपता संपता सूर वर न्यायचा, भाजीवाल्याशी घासाघीस करताना नेतो तसा. मोरीनच्या शेजारच्या उपासनाला ती सगळ्यांत छान जमायची, कारण ती रोज दोन तास त्या आवाजासमोर बसायची.

मोरीन एकोणिसाव्या वर्षी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आली. परक्यांची मुलं सांभाळली, एका ट्रक मेकॅनिकशी लग्न केलं, आपली चार वाढवली. पंचेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिली कादंबरी लिहिली, मग थांबलीच नाही. अशा चौदा झाल्या. किराणा दुकानात, च्युइंगगमच्या शेजारी मिळायच्या. प्रत्येकीत एक मुलगी गाव सोडते, चुकीच्या माणसात अडकते, बऱ्या माणसाला सापडते, आणि शेवटच्या प्रकरणात धावतपळत आजारी आईच्या उशाशी पोचते.

"चौदा पुस्तकं कुठली, एकच पुस्तक चौदा वेळा," पुण्याची नेत्रा म्हणायची. "फुल टाइमपास, यार." चौदाही तिनं वाचली होती.

मोरीनची बोटं संधिवातानं वाकडी झाली तेव्हा पंधरावं अर्ध्यावर होतं. शेजारची उपासना नागपूरची एम. ए., नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरीची बंदी. शेजारधर्म म्हणून ती टाइप करायला बसली.

रविवारी सकाळी नऊला कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून ती नागपुरात इंदोऱ्याला आईला फोन लावायची आणि आठवड्याभरात टाइप केलेलं सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून. आई लिहायला सहीपुरतीच शिकली होती, पण गोष्टीची भारी चटक. मोरीनचं 'ग्रँड' तिनं उचललं होतं. तब्येत विचारली की म्हणायची, "ग्रांड हाय वं." मग लगेच, "मंग? पोचते का ते पोरगी मायजवळ?"

उपासना स्वतः चार वर्षांत पोचली नव्हती. ग्रीन कार्डचे पेपर मध्येच होते. "आत्ता गेलीस आणि व्हिसा अडकला तर?" नवरा, कुमार, म्हणायचा. ते खरंही होतं. उन्हाळ्याचं दिवाळीवर गेलं, दिवाळीचं उन्हाळ्यावर. २००७च्या डिसेंबरमध्ये नक्की जायचं, काय वाटेल ते होवो, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी फोन धाकट्या भावानं, रवीनं उचलला. "आई झोपली, ताई." तिकडे संध्याकाळचे साडेसात. पुढच्या रविवारी तेच. "दमते गं आता." तिसऱ्या रविवारीही आई झोपलेलीच. उपासनानं मनात म्हटलं, वय झालं. असं म्हटलं की आठवडा सरकत होता.

बुधवारी मोरीन डोळे मिटून पुस्तकातलं पुढचं पान सांगू लागली. "भाऊ फोनवर म्हणाला, आई झोपलीय. पुढच्या रविवारीही झोपलेली. तिसऱ्या..."

उपासनाची बोटं थांबली. "हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही गं. माझा भाऊ. बहात्तर साली. मला सातवा महिना होता, विमानात बसवलं नसतं. म्हणून मेलेल्या आईला तीन आठवडे फोनवर झोपवून ठेवलं त्यानं. वाईट नव्हता तो."

उपासना तशीच उठली, घरी आली, चपला न काढता फोन लावला.

"आज बुधवारी कसा काय, ताई?"

"आईला उठव, रवी."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"पहिल्या रविवारी दवाखान्यात होती," रवी म्हणाला. "त्याच आठवड्यात गुरुवारी गेली. जलदानविधी पण झाला गं. मोठे सगळे म्हणाले, तिला कळवू नका, निघता येणार नाही, तिकडं एकटीच रडत बसेल."

"निघाले असते मी."

रवी म्हणाला, "डॉक्टर विचारायचे, आजी, कसं वाटतं? तर म्हणे ग्रांड हाय. त्यांना काही समजेना." त्याला हसू आलं. "शेवटी तुझ्या त्या पुस्तकाचंच चाललं होतं. ताईला विचार म्हणे, पोरगी पोचली का."

उपासना भिंतीला टेकून खाली बसली होती. शेवटचं प्रकरण अजून लिहायचं होतं.

"पोचली," ती म्हणाली. "आई जागी होती तेव्हाच पोचली."

सोमवारी ती मोरीनकडे गेली. सुजलेले डोळे बघून मोरीननं तिला आत घेतलं. नेत्राकडून कळलेलं असणार. किटली चढवली, खुर्चीत बसली.

"ते भावाचं पान काढून टाक," ती म्हणाली. "आणि शेवट मला सुचत नाही या वेळी. खोटं वाटतं. चौदा वेळा पोचवली मी तिला. मी कुठं पोचले?"

"पान राहू दे," उपासना म्हणाली. "पण पोचवा तिला. मी सांगून बसलेय."

"कुणाला?"

उपासनानं सांगितलं. मोरीन आपल्या वाकड्या बोटांकडे बघत राहिली. किटली शिट्टी वाजवून वाजवून थकली, तेव्हा ती उठली, गॅस बंद केला, आणि पाठमोरीच शेवटचं प्रकरण सांगू लागली, "दार उघडंच होतं. टाइप करवेल का तुला?"

"ग्रँड," उपासना म्हणाली. नक्कल न करता. आणि दार उघडंच होतं, एवढं टाइप करून पुढच्या वाक्याची वाट बघत बसली.