कवठदरीवर पसरलेला नकाशा

किशनराव सर मला पहिल्यांदा आवडलेच न्हाईत. दोन हजार सात साल असंल. हिंगोलीत बसस्टँडसमोर माझं नेट कॅफे. पोरं चॅटिंगसाठी ताटकळून राहायची, अन् हा रिटायर मास्तर दुपारभर एक कॉम्प्युटर अडवून उपग्रहाच्या फोटोंचा पृथ्वीचा गोल फिरवून राहायचा. एक दिवस मी वैतागून म्हणलं, "सर, सारं जग पडलंय, तुमी सेनगावच्या वरतीच काहून घिरट्या घालून राहिलात?"

"माझं जग तेवढंच हाय, बंडू."

मग हळूहळू कळलं. सरांनी सेनगाव तालुक्यात जन्मभर भूगोल शिकवला. आता सेनगावात घरी एकटे. एकुलती लेक करुणा लहानपणीच तापानं गेली, अन् कवठदरी गावाच्या ओढ्याच्या वळणावर तिला पुरलं. पुढं धरण झालं, गाव पाण्यात गेलं. आदल्या वर्षी बायको गेली, सोजराबाई. जाताना एवढंच बोलली, "मला माझ्या लेकरापाशी ठेवा." तिच्या अस्थी सरांच्या घरी गाडग्यात तशाच होत्या. ती जागा उन्हाळ्यात पाण्याबाहेर येत असंल, तरच तिचं म्हणणं पुरं होणार होतं. पण जागा ओळखावी कशी? झाडं गेली, बांध गेले, गाळानं सगळं सपाट केलेलं.



सरांकडं त्या भागाचा जुना भूगर्भ नकाशा होता. लाव्ह्याचा एकेक थर वेगळ्या रंगात, त्यात ओढे, गावं, देवळं. मी तो स्कॅन करून दिला. गोलावर तो पसरायचा अन् अर्धा पारदर्शक करायचा, म्हणजे खाली आजचं धरण दिसतं अन् वर जुना ओढा. सरांनी नकाशातली देवळाची खूण गोलावर दिसणाऱ्या कवठदरीच्या मारुतीवर नेऊन ठेवली. ओढ्याचं वळण धरणाच्या भिंतीपाशी पडलं, ऐन खोल पाण्यात. तिथलं पाणी कवाच हटत न्हाई. सरांनी चपला घातल्या अन् गेले.

त्यानंतर ते आलेच न्हाईत. मला चैन पडंना. शेवटी दुकान बंद करून जीपनं सेनगावला गेलो. दार उघडंच होतं. सर भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली, चहासुद्धा केलेला न्हाई. म्हणले, "दिवसभर गाडग्याशी बोलतो रे. दुसरं हाय कोण?" मला इतकं वाईट वाटलं की रागच आला. "उठा! नकाशा परत बघायचा," म्हणून हाताला धरूनच आणलं.

परत बघताना सरच ओरडले, "आरं, हा ओढा टेकडीवर चढून राहिला!"

घोळ देवळाचा होता. गाव उठलं तवा लोकांनी मारुती संगं नेला, नावबी संगं नेलं. खाली भिंतीच्या बाजूला नवी वस्ती झाली, अन् सगळे तिलाच कवठदरी म्हणायला लागले. सरबी त्यातलेच.

"देव हलला असंल, डोंगर कुठं जातो!" सरांनी पृथ्वी तिरकी केली. डोंगराचे पायऱ्यांसारखे टप्पे दिसले. नकाशात दोन थरांमधली जी रेघ होती, ती त्यांनी टप्प्याच्या कडेला बराबर बसवली. वळण सरकत सरकत धरणाच्या पार शेपटाला आलं. तो फोटो उन्हाळ्यातला होता. तिथं पाणी नव्हतं, हिरवी गाळपेर होती, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात लावलेल्या काकड्या अन् टरबुजं. सर स्क्रीनला हात लावून रडले. पोरांनी चॅटिंग थांबवलं.

मे महिन्यात आमी दोघं गेलो. टप्प्याचा कोपरा बघत बघत जागा धरली. तिथं गंगूताई म्हणून एका बाईची गाळपेर होती. तिला सांगितलं, तर बिचारीनं एक शब्द न विचारता वेल बाजूला सारले. सरांनी त्रिशरण म्हणलं, अस्थी ठेवल्या, हातानं गाळ सारखा केला. अन् मग उठंचनात.

"बंडू, मला उन्हाळ्यातच जावं लागंल बघ. पावसाळ्यात गेलो तर ह्या दोघी पाण्याखाली अन् मी वरती एकटा. माझ्यासाठी मेपर्यंत कोण थांबंल?"

मरायच्या गोष्टी कुणी काढल्या की माझं डोकंच फिरतं.

"कवाबी जा हो सर!" मी खेकसलो. "उन्हाळ्यापर्यंत माझ्या घरात गाडग्यात ठेवून घेईन तुमाला."