खळाळत्या ओढ्याचं पाणी

काशीगावात राहायला आलो तेव्हा आमच्या चाळीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मधल्या दिवशी मी कॅन घेऊन डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर जायचो. मी रत्नागिरीकडचा, गावच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचंच, पाणी पिऊन वाढलेला. पाण्यातलं मला कोण शिकवणार? घरात माझा नियम होता: ओढा संथ असला तर पाणी उकळायचं, खळाळत असला तर तुरटी फिरवली की पुरे. वाहत्या पाण्याला दोष नसतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

त्या पावसाळ्यात आमच्या पाच वर्षांच्या मुलीचं पोट सारखं बिघडू लागलं. औषधाने बरी व्हायची, पुन्हा आडवी पडायची. बरगड्या दिसू लागल्या, तीन वर्षांच्या मापाचे फ्रॉकही तिला सैल होऊ लागले. मी शाळेबाहेरच्या खाऊच्या गाडीवाल्यांवर खापर फोडलं.

बायको म्हणाली, "मोठा पाऊस झाला की आठवड्याभरात हिचं सुरू होतं. बघतेय मी."

"पावसाने कोणाचं पोट बिघडतं काय?" मी खेकसलो.

तपासणीत पोटात जंतू निघाले. डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता विचारलं, तेव्हा मी ऐटीत माझा नियम सांगितला.

"अहो, उलटं करताय!" ते म्हणाले. "जोराच्या पावसात उतारावरची सगळी घाण ओढ्यात येते, तळचा गाळ ढवळला जातो. हे जंतू त्यातनंच येतात. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी रोज उकळा."

मला काही पटलं नाही. रविवारी बायकोला घेऊन ओढ्याच्या काठाने वर गेलो, पाणी किती निर्मळ आहे ते दाखवायला. वळणापलीकडे म्हशींचा तबेला निघाला. आदल्या दिवशीच्या पावसाने शेणाचा अर्धा ढीग ओढ्यात नेला होता. जरा वर लोक डबा घेऊन परसाकडला बसायचे, तो उतारही लख्ख धुतला गेला होता.

"तुमच्या गावच्या पऱ्यावर पण तबेला होता काय हो?" बायकोने विचारलं.

नव्हता. माझी मलाच लाज वाटली. मुलीला मीच आजारी पाडत होतो. त्या दिवसापासून पाणी उकळायचं काम मी माझ्याकडे घेतलं, आणि बायकोने चिडवायचं.

दिवाळीला मीरा रोडच्या दुकानात मुलीला नेहमीसारखा तीन वर्षांच्या मापाचा फ्रॉक मागितला. पाठीवरची बटणं लागेनात.

"छोटा पड रहा है," दुकानदार म्हणाला. "बडा दूं?"

मी एक बटण पुन्हा ओढून बघितलं, तरी लागेना. बायकोनेच 'हां' म्हटलं.