राणी आमच्या स्वयंपाकघरातलं बोलली

आमच्या गावच्या मंडईत नाटक दुपारी दोन वाजता सुरू झालं, याबद्दल अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या लोकांनी मला अजून माफ केलेलं नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि नाटक रात्री सुरू होऊन उजाडायला संपतं. पाहुणे रात्रभर मंडपात असतात, त्यामुळे त्यांना गाद्या द्याव्या लागत नाहीत. ही सोय जुन्या लोकांनी फार विचार करून केलेली आहे. पण यंदा पुण्याची एक कंपनी जुनं संगीत नाटक नव्यानं बसवून दौऱ्यावर निघाली होती, आणि त्यांच्या मुख्य गायक नटाला नऊच्या आत हळद-दूध घेऊन झोपावं लागायचं. म्हणून खेळ दुपारी. संध्याकाळी पडदा पडला आणि सबंध गावात एकाच वेळी गाद्यांची शोधाशोध सुरू झाली. माझ्या घरी अकरा पाहुणे होते आणि गाद्या चार.

यात माझा काय दोष, असं कोणीही विचारेल. दोष असा की त्या कंपनीचा गावातला माणूस मी होतो. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. सत्तावीस वर्षं शिकवतो आहे आणि शुद्ध बोलण्याबद्दल माझी थोडी ख्याती आहे, थोडी बदनामी आहे. कंपनीच्या दिग्दर्शक बाईंना हे नाटक इकडच्या लोकांना आपलं वाटायला हवं होतं. इकडची बोली हवी, इकडची जागा हवी, इकडचं जेवण हवं. मंडई समितीनं त्यांना माझं घर दाखवलं, कारण गावात कागदावर लिहायचं काही निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं.

नाटक तुम्हाला माहीत असेल तसलंच. राजा कोणाचं तरी ऐकून राणीला बोल लावतो, राणी माहेरी निघून जाते, वाटेत पाच-सहा गाणी म्हणते, शेवटी राजा तिला घ्यायला जातो. मी राजवाड्याच्या बागेच्या जागी तलावाची पाळ आणली. रथाच्या जागी एसटी आणली. राणीच्या थाळीत भेदऱ्याची चटणी वाढली. भेदरे म्हणजे टमाटर, हे पुण्याच्या नटांना तीनदा सांगावं लागलं. गाण्यांना हात लावला नाही, तेवढी अक्कल मला होती. राजाची भाषाही बाईंनी पुस्तकीच ठेवायला सांगितली. राणीचं बोलणं मात्र सगळं झाडीबोलीत करायचं होतं, आणि तिथं माझी पंचाईत झाली. ज्या बोलीतून पोरांना बाहेर काढण्यात माझं आयुष्य गेलं, ती मला लिहिता येईना. राणी दर दोन वाक्यांनी निबंध वाचू लागायची.

मग मी एक काम केलं, जे करायला नको होतं. माझी बायको देवरीची. तिची बोली म्हणजे अस्सल, आणि लग्नापासून मी ती सुधारतो आहे. मुख्याध्यापक घरी आले आणि ती आतून "चाय मांडून राह्यली" म्हणाली की मी बाहेरून "चहा ठेवते आहे" असं म्हणून देतो. मला वाटायचं, मी तिला मदत करतो. एकदा अशाच पाहुण्यांसमोर मी तिचं वाक्य दुरुस्त केलं. पाहुणे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती मला जे बोलली, ते मी नाटक लिहिताना जसंच्या तसं राणीच्या तोंडी घातलं. कानामात्रेचाही फरक केला नाही. तिला विचारलं नाही. तिच्या लक्षात येईल असंही मला वाटलं नाही, कारण नवरे या बाबतीत अगदी साफ आंधळे असतात आणि मी तर शिक्षकही आहे.

दुसऱ्या अंकात पुण्याची ती गोरी, उंच, गोड गळ्याची नटी तलावाच्या पाळीवर आली, डोळ्यांत पाणी आणलं आणि राजाला म्हणाली, "तुमाले माया हातचा भात चालते, माया तोंडचा शब्द नाई चालत. हात अन् तोंड अलग अलग बाईचे हायेत का जी?"

बायकांच्या बाजूला आमच्या शेजारणीनं मान वळवून माझ्या बायकोकडे पाहिलं. आमची चूल आणि त्यांची न्हाणी यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही वरून उघडी. शेजारणीनं पाहिलं म्हणून तिच्या सुनेनं पाहिलं, सुनेनं पाहिलं म्हणून तिच्या बहिणीनं. दोन मिनिटांत बायकांची सगळी बाजू माझ्या बायकोकडे पाहून तोंडाला पदर लावून हसत होती. हसू पुरुषांच्या बाजूला आलं तेव्हा ते मोकळंच झालं होतं. मंचावर राणी रडते आहे आणि मंडप खदाखदा हसतो आहे. बायको उठली नाही. उठली असती तर ते वाक्य तिचंच असल्याचं पक्कं झालं असतं. ती संपूर्ण नाटकभर ताठ बसून राहिली, घरी आली, अकरा पाहुण्यांना वाढलं, सगळ्यांशी हसून बोलली, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला खरंच भीती वाटली. ती भांडते तेव्हा मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शक बाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांच्याजवळ प्रेक्षकांच्या अभिप्रायाचे छापील कागद होते. चार दिवसांनी देवरीला खेळ होता, आणि लोकांचं मत वाचून राणीची झाडीबोली ठेवायची की काढून टाकायची, हे त्या ठरवणार होत्या. कागद निम्मेच परत आले होते. उरलेल्या कागदांतून मंडईत चिवडा विकला गेला असं नंतर कळलं.

जे आले ते बाईंनी मोठ्यानं वाचले. बऱ्याच जणांनी गाद्यांबद्दल लिहिलं होतं. सात-आठ लोकांनी लिहिलं होतं की राणी साडेतीनच्या एसटीनं माहेरी जाते असं दाखवलं आहे, पण साडेतीनला तिकडे बस नाही, पाचला आहे, तीही शाळा असली तरच. तरी लेखकानं स्टँडवर जाऊन चौकशी करावी. एकानं विचारलं होतं की राणीनं दुसऱ्या अंकातली साडी कुठून घेतली. एकाचं म्हणणं, राजाला मिशी पाहिजे, बिनमिशीच्या राजाचं कोण ऐकेल? एका जाणत्या माणसानं चांगल्या अक्षरात लिहिलं होतं की जी भाषा आमच्या घरी फुकट ऐकू येते तिच्यासाठी तिकीट काढायची गरज नाही. आम्हाला पुण्याची राणी पुण्यासारखीच बोलताना पाहिजे होती. खाली सही होती. तो माझा जुना विद्यार्थी निघाला आणि मला त्याचा राग यावा की अभिमान वाटावा ते कळेना.

माझा साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, फुलचूरला राहतो आणि गोंदियाच्या बाजारात त्याचं कपड्याचं दुकान आहे. तो कागदावर लिहिण्यातला माणूस नाही. त्यानं पोहे खाता खाता बाईंना तोंडीच सांगितलं की भाषा-वाषा ठीक आहे, पण गाणं सुरू होऊन राहिलं की लगेच खतम. वन्समोर का दिला नाही? त्याच्या मते राणीनं मराठीत बोलावं, राजानं हिंदीत बोलावं, मग गोंदियाचं पब्लिक येईल. बाईंनी तेही लिहून घेतलं. बाई फार सोशिक होत्या.

बायको आतून पोह्यांवर घालायला तर्री घेऊन आली तेव्हा बाईंनी तिलाही विचारलं. तिनं आधी "मला काय कळते" म्हणून टाळलं, साडूच्या ताटात तर्री घातली, आणि मग माझ्याकडे न पाहता बोलली. "बोल बराबर होते. पर ते रडून नाई म्हनत. ते भात वाढता वाढता म्हनतात. मानूस जेवून राह्यला की म्हनतात, कावून का तवा त्याले उठून जाता येत नाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. साडूनं पुढ्यातल्या ताटाकडे पाहिलं आणि जरा सावरून बसला.

त्यानंतर बाईंनी माझ्याशी बोलणं जवळपास बंदच केलं, जे विचारायचं ते त्या बायकोलाच विचारू लागल्या. घरातल्या दोन्ही बायका आता माझ्याशी बोलत नव्हत्या, त्यातली एक तर पुण्याची होती. झाडीबोली राहणार होती, पण अट अशी की देवरीच्या खेळाला बायको मंचासमोरच्या खड्ड्यात बसेल. आमच्या नाटकांत मंचाच्या पुढे जमीन खणून खड्डा करतात, त्यात पेटीवाला, तबलेवाला आणि प्रॉम्प्टर बसतो. आमचे नट रोज वेगळं नाटक करतात, पाठ करायला वेळ कोणाला असतो? प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो. पुण्याच्या नटीला बायकोच्या बोलण्याचं सबंध वळण चार दिवसांत पाठ होण्यासारखं नव्हतं, म्हणून ती खड्ड्यावर चालणार होती. बायको लगेच हो म्हणाली. देवरी तिचं माहेर. चार दिवस ती नटीला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसली. आतून भात वाढल्याचे आवाज यायचे आणि दोघींचं हसणं यायचं. मी दारात गेलो की दोघी गप्प व्हायच्या. मला ताट मात्र वेळेवर मिळत होतं, हे इथं प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

देवरीला मंडप भरला. मी दुसऱ्या रांगेत, एका बाजूला माझा साळा, दुसऱ्या बाजूला साडू. खड्ड्यातून बायकोचा फक्त अंबाडा दिसत होता. दुसऱ्या अंकात राजा तलावाच्या पाळीवर जेवायला बसला, राणीनं त्याच्या ताटात भात वाढला आणि वाढता वाढता, चटणीकडे हात नेता नेता, ते वाक्य म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कोणीतरी "खरं हाय बाई" म्हणालं आणि टाळ्या पडल्या. राजानं घास तोंडात घेतला होता, त्याला तो गिळताही येईना. मला त्या राजाची कीव आली.

मग शेवटचा प्रवेश. राजाला सत्य कळतं, तो राणीच्या माहेरी येतो आणि तिचा हात धरून म्हणतो, "प्रिये, मी तुला क्षमा करतो." यावर राणीचं एक सुंदर गाणं आहे. पेटीवाल्यानं सूर धरला. नटीनं तोंड उघडलं, तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, आणि चार दिवस तोच आवाज उचलायची सवय झालेल्या नटीनं तो तसाच उचलला.

"क्षमा तुमी कायले करता जी? चूक कोनाची होती?"

हे माझ्या लिखाणात नव्हतं. राजानं जुनं नाटक बालपणापासून पाठ केलेलं, त्यालाही याचं उत्तर माहीत नव्हतं. त्यानं विंगेत पाहिलं, तिथं दिग्दर्शक बाई काहीच करत नव्हत्या. मग इतके दिवस खड्ड्याकडे ढुंकून न पाहणारा तो मोठा गायक नट खाली वाकला आणि वाट पाहू लागला. खड्ड्यातून त्याला वाक्य मिळालं.

"चूक माही," राजा म्हणाला.

खड्ड्यातून पुन्हा काहीतरी आलं.

"मोठ्यानं," राजा म्हणाला.

मंडप फुटला. राजालाही कळलं, तो हसू लागला, राणी हसू लागली, तबलेवाल्यानं उगाच एक तिहाई वाजवली. माझा साळा हसता हसता माझ्या मांडीवर थापा मारत होता. मी हसत नव्हतो. कारण बायको खड्ड्यात मागे वळली होती, हनुवटी काठावर टेकवली होती आणि सरळ माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट पाहत होती, आणि माझं वाक्य मला कोणी सांगणार नव्हतं.

मी उभा राहिलो. सत्तावीस वर्षं वर्गात उभं राहून बोलणारा माणूस मी. आधी पुस्तकातलं वाक्य ओठांवर आलं, ते मी गिळलं. मग तिच्या बोलीत, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या सगळ्या माहेरासमोर मी म्हणालो, "माही चूक होती."

पाच दिवस माझ्याशी एक शब्द न बोललेल्या माझ्या बायकोनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"बसा जी," ती म्हणाली. "मांगं बसलेल्याइले दिसून नाई राह्यलं."

मी बसलो.