अबोल्याची अट

भगूरची रंगूबाई देवळाली कॅम्पातल्या ट्रेंच साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून लागली, तेव्हा तिचा नवरा जाऊन दीड महिना झाला होता. तिची स्वतःची मुलगी फुला दोन वर्षांची होती आणि साहेबाची नोरा वीस दिवसांची. फुलाला आपला भाऊ कारभारी याच्या घरी ठेवून रंगूबाईने नोराला मांडीवर घेतले.

सात वर्षांत नोरा रंगूबाईच्याच बोलीत वाढली. आईबापाशी ती इंग्रजी बोलायची, पण भांडायची मराठीत, कोंबड्यांना शिव्या द्यायची मराठीत आणि रडायचीही मराठीत. रंगूबाई तिला 'बाय' म्हणायची. बंगल्यात हे कुणाला खटकले नव्हते.

१९३५च्या दसऱ्यानंतर नोराच्या शाळेचे बोलणे सुरू झाले. खानसामा अब्बास टेबलावर वाढता वाढता ऐकायचा आणि स्वयंपाकखोलीत येऊन सांगायचा. जवळच एक शाळा होती, पण तिथे रेल्वेच्या गार्ड-ड्रायव्हरांची पोरे शिकतात म्हणून मडमेने नाक मुरडले. विलायतेला पाठवावे, तर तिथली आजी मूल सांभाळायला तयार नव्हती. उरली निलगिरीच्या डोंगरातली, फक्त गोऱ्या मुलींची शाळा. तिथे नाव घालण्याआधी मुलीचे घराणे, चालचलणूक आणि उच्चार पारखून घेत.

"घोडा घेताना दात बघतात ना, तसं," अब्बास म्हणाला.

त्या शाळेच्या मुख्य बाई, मिस क्रॉली, मुंबईला आल्या असताना एक दिवस बंगल्यावर उतरल्या. व्हरांड्यात त्यांनी नोराला पुस्तक वाचायला लावले, बागेत काय काय दिसते ते सांगायला लावले. नोरा नीट सांगत होती. तेवढ्यात मुंगळा तिच्या पोटरीला डसला.

"आई गं!" नोरा किंचाळली आणि खुर्चीवर बसलेल्या आईला ओलांडून मागे उभ्या रंगूबाईच्या लुगड्यात शिरली. "मुंगळा चावला गं, काढ ना लवकर!"

रंगूबाईने मुंगळा काढला, थुंकी लावली. "गेला बरं, बाय. मेला तो."

मिस क्रॉलींनी कप खाली ठेवला. त्या काय बोलल्या ते अब्बासने नंतर सांगितले. मुलीची जीभ बाटली आहे, अशा मुलीला त्या घेत नाहीत. फेब्रुवारीत पुन्हा बघतील. तोवर नेटिव्ह भाषेचा एक शब्द तिच्या कानी पडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईला काढून टाकले.

नोराने अन्न सोडले. दोन दिवस हट्ट म्हणून मडमेने लक्ष दिले नाही. चौथ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना, तेव्हा लष्करी डॉक्टर आला. म्हणाला, शाळा मागाहून बघा, आधी आयाला बोलवा. अब्बास सायकल मारत भगूरला आला.

रंगूबाई त्याच्याबरोबर बंगल्यावर पोचली तेव्हा मडम व्हरांड्यात उभी होती. तिने आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत बजावले, "तुम काम करेगा. बात नहीं करेगा. एक लफ्ज भी नहीं."

"कधीपर्यंत?" रंगूबाईने अब्बासला विचारले.

"शाळेला जाईपर्यंत. एक शब्द निघाला तर त्याच दिवशी फाटकाबाहेर. अन् असं का, ते पोरीला खुणेनंही कळवायचं नाय."

आतल्या खोलीत पोर सुकून पडली होती. रंगूबाईने मान हलवली.

तिने नोराला उचलले, पेज भरवली. नोरा घोटाघोटाने प्याली आणि विचारू लागली, "कुठं गेलतीस? बोल ना." रंगूबाईने तिचे तोंड पुसले. दोन दिवसांनी नोराने तिची हनुवटी दोन्ही हातांत धरली.

"मम्मा म्हणती, मी तुला आवडत नाय म्हणून तू बोलत नाय. खरं हाय?"

दारात मडम उभी होती. रंगूबाईने नोराचे हात सोडवले आणि तिच्या मोज्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

त्या दिवसापासून नोरा मागे लागायची थांबली. मग तिने दुसरे सुरू केले. आधी चिमटे. मग वहाणेत बाभळीचा काटा. काट्याने रंगूबाईचा पाय पिकला, ती लंगडत काम करी आणि नोरा तिच्या मागे तशीच लंगडत चाले. मडम हसायची. पोरगी आता इंग्रजीतच हसते, इंग्रजीतच चिडते, यात तिला समाधान होते.

जानेवारीत नोराने कपाटाचे दार रंगूबाईच्या बोटांवर लोटले, आणि लोटून तसेच दाबून धरले. डोळे तिच्या तोंडावर रोखलेले. रंगूबाईने पदर दातांत धरला. नख काळेनिळे झाले, रक्त फरशीवर ठिबकले, पण आवाज फुटला नाही. शेवटी नोरानेच दार सोडले आणि रडत बाहेर पळाली. मडमेने हे पाहिले होते. तिने आयोडीनची बाटली अब्बासच्या हाती पाठवली.

रविवारी दुपारी रंगूबाईला घरी जायची मुभा होती. आठवडाभराचे तुंबलेले बोलणे ती फुलापुढे मोकळे करी. केस विंचरताना लाडाने बोले, गोष्टी सांगे. नऊ वर्षांच्या फुलाला आई अशी कधी मिळालीच नव्हती. ती रविवारची वाट बघू लागली. एकदा वेणी घालता घालता रंगूबाई म्हणाली, "मी रागावले नाय गं तुझ्यावर. लय जीव हाय माझा तुझ्यावर, नोराबाय."

फुलाने अर्धी वेणी तिच्या हातातून ओढून घेतली. "मी फुला हाय," ती म्हणाली. पुढच्या रविवारी ती मामाबरोबर शेतावर निघून गेली.

फेब्रुवारीत मिस क्रॉलींनी नोराला तासभर बोलते ठेवले. एकही शब्द वाकडा गेला नाही. नाव दाखल झाले. शाळेने नोराला एकेचाळीस नंबर दिला होता. तो रंगूबाईने तिच्या प्रत्येक झग्यावर, रुमालावर, मोज्यावर लाल दोऱ्याने शिवला. आता तरी बोलू द्याल का, असे तिने अब्बासकडून विचारवले. मडमेने सांगितले, गाडी सुटल्यावर.

मार्चमध्ये देवळाली स्टेशनावर नोरा एका मडमेच्या सोबतीने मुंबईच्या गाडीत बसली. बापाने टोपी हलवली, आईने गालाचा मुका घेतला. शिट्टी झाली, डबा हलला आणि रंगूबाई धावली.

"बाय! मी रागावले नव्हते! मला बोलायची बंदी होती गं, बाय!"

नोराने तिच्याकडे पाहिले. नीट, शांतपणे पाहिले. मग खिडकीची लाकडी झडप खाली ओढली.

मडमेने रंगूबाईला चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिली. अब्बासने ती वाचून दाखवली: 'ही आया प्रामाणिक आहे आणि मुलाशी एक शब्दही न बोलता त्याला सांभाळते.' ती चिठ्ठी कॅम्पात फार चालली. ज्यांना पुढे आपल्या मुली त्याच शाळेत घालायच्या होत्या, त्या मडमा रंगूबाईला मागून नेऊ लागल्या. पहिल्याच दिवशी अट सांगत. ती मान हलवी.

तिसऱ्या बंगल्यावर तिच्याकडे तीन महिन्यांची मुलगी आली. साहेब परेडवर, मडम क्लबात. दिवसभर ते मूल आणि रंगूबाई. अडीच वर्षांचे झाले तरी मूल बोलेना. हाक मारली की बघे, हसे, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरने तपासले. कान चांगले, जीभ चांगली. "हिच्याशी कुणी बोलतच नाही," तो म्हणाला.

मडम रंगूबाईवर धावून आली. "तुम क्यों बात नहीं करता था?"

रंगूबाईने चिठ्ठी पुढे केली. मडमेने ती फाडली, आणि त्याच दिवशी तिला फाटकाबाहेर काढले. हे १९३९ साल. त्यानंतर कॅम्पात तिला कुणी ठेवले नाही.

ती भगूरला परतली तेव्हा फुला सासरी गेलेली होती. कारभारीच्या घरी ती दळणकांडण करू लागली. भावजय म्हणायची, वन्संचा काही त्रास नाही, असून नसल्यासारख्या. बाजारात ती भाव विचारत नसे. हव्या त्या भाजीवर बोट ठेवी, नख गेलेले ते बोट, आणि भाजीवाला देईल ते पदरात बांधून घेई.