भासऱ्यासमोरची परीक्षा

माझी धाकटी बहीण लहानपणी इतकी बोलायची की शेलूबाजारच्या चौकात तिने गोष्ट सुरू केली, की मंगरूळपीरची बस ड्रायव्हरसकट थांबायची. कंडक्टर घंटी मारायला विसरायचा. यात फारच थोडं मी वाढवून सांगतोय. तिच्यापुढे मी मुका, आणि माझ्या थापा काय असतात ते आमच्या गावाला विचारा.

हीच बहीण वाशीमच्या एका दवाखान्यात मुकी ठरली.

अनसिंगकडे दिली होती तिला. मुलगी झाल्यावर बहीण रात्रंदिवस रडायची, मधेच हसायची. सासरच्यांनी ठरवलं, हिच्या डोक्याची तपासणी करायची. वेडी निघाली तर माहेरी धाडायची आणि पोरगी ठेवून घ्यायची, हे जीपमध्येच माझ्या कानावर घातलं. नवरा आला नाही. आला तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. मी आपला शेपटासारखा मागे.

तपासणारा साहेब बाहेरगावचा, तरुण, गोड बोलणारा. बाईमाणूस एकटं कसं बसवायचं म्हणून घरचा जबाबदार माणूस आत पाहिजे म्हणाला. भासरा सुपारी चघळत आत जाऊन बसला. मला दाराबाहेरचा बाक.

आता आमच्याकडे सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. घराला आग लागली तरी आधी पदर ओढेल, मग विझवेल. साहेबाने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, ती गप्प. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, गप्प. मग एक चित्र दाखवलं. बर्फातलं घर, यात काय काढायचं राहिलंय? उघड्या दारातून मलाही दिसत होतं. मी म्हटलं असतं, गोठा राहिला. राहिलं होतं म्हणे धुराडं.

मला राहवलं नाही. आत डोकं घालून म्हणालो, "साहेब, ते भासऱ्यासमोर बोलत नाही. याहिले बाहेर बसवा, मंग पाहा."

"मध्ये बोलू नका, निकाल बिघडतो," साहेब म्हणाला.

भासऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "पाहुणे, घरी बी अशीच राह्यते ते."

त्याला सगळं कळत होतं. म्हणूनच तो पाय पसरून बसला होता.

निकाल साहेबाने दार उघडं ठेवूनच सांगितला. बुद्धी कमी, प्रतिसाद नाही. बाहेर अर्धा जिल्हा बसला होता, आणि अर्ध्या जिल्ह्याला कान होते. आमची जीप पोचायच्या आत बातमी अनसिंगला चहा पिऊन परत निघाली होती. त्याच आठवड्यात बहीण आमच्या दारात, एकटी. वेड्या आईजवळ लेकरू ठेवत नाहीत, असा सांगावा होता.

मी साहेबाकडे परत गेलो. सगळी रीत समजावली. तो खरंच ओशाळला. हे मला कुणी शिकवलंच नाही, म्हणाला. काही महिन्यांनी दुसरी परीक्षा घेतली. या वेळी आत मी. भासरा नाही, पदर नाही. मला वाटलं, आता ही अशी बोलेल की साहेबाची शाई संपेल.

पण आता तिला ठाऊक होतं की एकेका उत्तरावर पोरगी टांगलेली आहे. साहेबाने आजचा वार विचारला. सोमवार होता, तिला माहीत होता, येताना तिनेच मला सांगितला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पदर पुढे ओढून घेतला. साहेबाने वार पुन्हा विचारला. मग खाली मान घालून पुन्हा तेच लिहिलं.

पोरगी तिकडेच आहे. आता म्हणे काकूलाच आई म्हणते.

परवा ओट्यावर बसलो होतो. मी सहज विचारलं, "पोरीची लय आठवण येते काय वं?"

ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, याचं बरोबर उत्तर काय हाय?"

जन्मभर थापा मारल्या मी. त्या वेळी फक्त उठून दार लावून घेतलं.